डबीच्या तळाची पांढरी पूड: बेडकाच्या दातांची रचना आणि ऊती

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही धागा लागेल. कनिष्ठ महाविद्यालयातलं प्राणिशास्त्राचं कपाट आवरताना तुम्हाला बेडकाच्या कवटीची जुनी डबी सापडली. मऊ ब्रशने कवटी झटकून भिंगाखाली धरली, तर वरच्या जबड्यावर बहुतेक ठिकाणी दातांऐवजी सपाट तोंडाची बारीक नळकांडी दिसली. मध्येच एखादा टोकदार दात, आणि डबीच्या तळाशी पांढरी, रवाळ पूड. तुम्ही विचारता की नमुना ब्लीचने बिघडला की बुरशीने? आणि मुळात बेडकाचे दात आपल्यासारखे खरे दात असतात, की नुसती हाडाची टोकं?

नमुना शाबूत आहे. ज्यांना तुम्ही तुटके दात समजलात ते दातांचे देठ आहेत, आणि त्यांच्यावरची शिखरं त्या पुडीत पडली आहेत. पूड फेकू नका. काळ्या कार्डशीटवर चिमूटभर पसरा, एका बाजूने तिरका उजेड सोडा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघा. धूळ आणि हाडाचे कपचे बाजूला सारलेत की मधूनमधून दुधी रंगाचे, किंचित पारदर्शक, कमालीचे सुबक शंकू दिसतील. बाजरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक. एखादा सुईने उभा करा. त्याला एक नाही, दोन टोकं असतील. ओठाकडचं लहान, जिभेकडचं जरा मोठं आणि आत वळलेलं. उलटा केलात तर तो आतून पोकळ असतो, शिंप्याच्या अंगुस्तानासारखा. हेच बेडकाच्या दाताचं शिखर.

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. आपला दात शिखरापासून मुळापर्यंत एकसंध असतो. बेडकाचा दात दोन तुकड्यांचा असतो: खाली जबड्याला घट्ट जोडलेला नळीसारखा देठ, वर टोपीसारखं शिखर, आणि या दोघांच्या मध्ये एक अरुंद पट्टा, ज्यात खनिज जवळजवळ भरलेलंच नसतं. तिथे फक्त कोलॅजेनचे तंतू असतात, शिखरातून देठात सलग उतरलेले. या रचनेला इंग्रजीत पेडिसेलेट म्हणतात. मी वर्गात ‘देठाचा दात’ म्हणते, मुलांच्या लक्षात राहतं.

जिवंत बेडकात हे तंतू शिखराला नीट धरून ठेवतात. कवटी तयार करताना मात्र आपण काय करतो? मांस सुटावं म्हणून डोकं पाण्यात कुजवतो, नाहीतर कॉस्टिकच्या पातळ द्रावणात ठेवतो, मग ब्रशने घासतो. मांसाबरोबर हे तंतूही विरतात आणि शिखर सुटून पडतं. दात किडला असता किंवा बुरशीने खाल्ला असता, तर तो वेडावाकडा झिजला असता, कुठे टोक, कुठे बाजू. तुमच्या नमुन्यात सगळी नळकांडी साधारण एकाच उंचीवर, सरळ रेषेत संपतात. तुमच्या शंकेचा निकाल या एका निरीक्षणाने लागतो.

मी स्वतः हे अशाच प्रकारे शिकले. एम.एस्सी.ला असताना कवटी साफ करायला कॉस्टिक जरा तीव्र घेतलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी बघते तर वरच्या जबड्यावर एकही टोक नाही. नमुना वाया गेला म्हणून ते पाणी मोरीत ओतणार, इतक्यात आमच्या सरांनी हात धरला. ‘अगं, थांब. तलम फडक्यातून गाळ. दात त्यातच आहेत.’ फडक्यावर उरलेला रवा त्यांनी मला दिवसभर बघायला लावला. पुढे तीस वर्षं ऊतिशास्त्र शिकवलं, पण दाताची रचना मला कळली ती त्या फडक्यावर.

ही रचना केवळ गंमत म्हणून सांगत नाही. १९६२ साली पार्सन्स आणि विल्यम्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी उभयचरांच्या दातांचा पद्धतशीर अभ्यास मांडला आणि दाखवून दिलं, की बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ या तिन्ही गटांत देठाचे दात आहेत. देवगांडूळ म्हणजे आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात मातीखाली सापडणारा, पाय नसलेला, गांडुळासारखा दिसणारा उभयचर. त्याच्या तोंडात खालीवर दातांच्या रांगा असतात आणि तेही असेच दोन तुकड्यांचे. दिसायला इतके वेगळे असलेले हे तीन प्राणी एकाच कुळातले असावेत, याच्या भक्कम पुराव्यांत ही तुटण्याची रेघ मोजली जाते. पुढे १९६९ मध्ये जॉन बोल्ट यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमामधून, पर्मियन काळाच्या सुरुवातीच्या खडकांतून, डोलेसर्पेटॉन नावाच्या छोट्या प्राण्याचे जीवाश्म वर्णन केले. त्याचे दातही देठाचे आणि दोन टोकांचे. सुमारे अठ्ठावीस-एकोणतीस कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी आजच्या उभयचरांच्या पूर्वजांच्या जवळचा मानला जातो, आणि त्या निष्कर्षात दातांचा वाटा मोठा आहे. तुमच्या डबीतल्या त्या नळकांड्यांची परंपरा इतकी जुनी आहे.

सगळ्याच बेडकांत ही रेघ असते असं मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतल्या शिंगाड्या बेडकांचे, म्हणजे सेराटॉफ्रिसचे दात एकाच टोकाचे, सुळ्यासारखे असतात आणि त्यांत हा कमजोर पट्टा नसतो. ते उंदराएवढं भक्ष्यही पकडतात. प्रयोगशाळेत पाळल्या जाणाऱ्या झेनोपस या आफ्रिकी बेडकाचे दातही एकटोकी असतात. तेव्हा ‘बेडकाचा दात असा असतो’ असं सरसकट वाक्य लिहिताना कोणत्या बेडकाचा, हे जरूर लिहावं. आपल्याकडच्या जुन्या कवट्या बहुधा राना टायग्रिना या नावाने ठेवलेल्या असतात. त्या बेडकाचं आजचं नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस, आपला पावसाळ्यातला मोठा पिवळा बेडूक.

आता ऊतींबद्दल. हाडाची टोकं की खरे दात, या प्रश्नाला माझं उत्तर निःसंशय ‘खरे दात’ असं आहे. शिखराचा गाभा दंतिनाचा, म्हणजे डेंटिनचा असतो. त्यात अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्या नलिकांत आतल्या पेशींचे धागे शिरलेले असतात. दंतिनावर दंतवल्काचा, म्हणजे एनॅमलचा थर असतो. मधोमध दंतमज्जा, तिच्यात रक्तवाहिन्या, चेता आणि सैल संयोजी ऊती, आणि दंतिनाला आतून चिकटून ओडोंटोब्लास्ट, म्हणजे दंतिन घडवणाऱ्या पेशींची रांग. ही सगळी मांडणी तुमच्या-माझ्या दातासारखीच आहे. हाडाच्या टोकाला एनॅमल नसतं, मज्जेची अशी पोकळी नसते, पेशींची अशी शिस्तबद्ध रांगही नसते.

फरक आहेत, पण ते बारकाव्यांत. आपल्या दाढेवरचं एनॅमल जाड ठिकाणी दोन-अडीच मिलिमीटर भरतं. बेडकाचा अख्खा दात त्याहून लहान, मग त्यावरचा थर किती पातळ असेल याची कल्पना करा. आपल्या एनॅमलमध्ये स्फटिकांच्या जुड्या बांधलेल्या असतात, त्यांना प्रिझम म्हणतात. बेडकाच्या एनॅमलमध्ये अशा जुड्या नसतात. स्फटिक पृष्ठभागाच्या दिशेने साधेच रचलेले असतात. बरीच वर्षं या थराला खरं एनॅमल म्हणावं की माशांच्या दातांवर असतो तसा एनॅमलॉइड, म्हणजे एनॅमलसारखा पण वेगळा थर, यावर वाद होता. पण झेनोपसमध्ये आणि नंतर राना पिपिएन्स या उत्तर अमेरिकी बेडकामध्ये अमेलोजेनिन हे एनॅमल घडवणारं प्रथिन सापडलं. आपलं एनॅमल ज्या प्रथिनाच्या साच्यावर तयार होतं तेच हे. माझ्या मते त्यानंतर वादाला जागा उरली नाही.

इथे विद्यार्थी हमखास फसतात ती गोष्ट सांगते. तुमच्या विभागात बेडकाच्या जबड्याची जुनी स्लाइड असेल, तर ती काढा. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेल्या छेदात गुलाबी दंतिन दिसेल, मज्जेच्या पेशींची निळी-जांभळी केंद्रकं दिसतील, पण शिखराच्या बाहेर एनॅमलच्या जागी काहीच नसेल, फक्त कोरी फट. मुलं वहीत लिहून टाकतात, ‘बेडकाच्या दाताला एनॅमल नसतं.’ वास्तविक जबड्याचे पातळ काप घेण्यासाठी आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. पाच टक्के नायट्रिक आम्लात ते लवकर निघतं, पण पेशींचा रंग बिघडतो. ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात अधिक दिवस लागतात, पण ऊती सुबक राहतात. पद्धत कोणतीही असो, पक्क्या एनॅमलमध्ये खनिज इतकं आणि प्रथिन इतकं थोडं असतं, की कॅल्शियम गेल्यावर तिथे रंग धरायला काही उरत नाही. ती कोरी फट म्हणजेच एनॅमल होतं याचा पुरावा. त्याच छेदात हिरडीत घडत असलेला कोवळा दात सापडला तर त्याच्या टोकावर एनॅमलचा गुलाबीसर प्रथिनसाचा अजून शिल्लक दिसेल, आणि त्यावर अमेलोब्लास्ट, म्हणजे एनॅमल घडवणाऱ्या पेशी उंच खांबांसारख्या उभ्या असतील. हे दोन्ही दात शेजारी दाखवले की विद्यार्थ्याला पुन्हा समजवावं लागत नाही.

देठाचं काय? तोही दंतिनासारख्याच ऊतीचा, पण खाली उतरत जाल तसा त्याचा पोत हाडाकडे झुकतो आणि बुडाशी तो जबड्याच्या हाडात विरघळून गेल्यासारखा दिसतो. या जोडणाऱ्या ऊतीला कुणी सिमेंट म्हणतं, कुणी जोडहाड. स्लाइडवर बोट ठेवून ‘इथे देठ संपला, इथे हाड सुरू झालं’ असं सांगता येत नाही. माझा आग्रह असतो की विद्यार्थ्याने आकृतीत तिथे ठळक रेघ मारू नये.

यावरूनच पाठ्यपुस्तकातल्या एका शब्दाबद्दल बोलायला हवं. आपल्याकडच्या काही पुस्तकांत बेडकाचे दात ‘होमोडोंट, ॲक्रोडोंट, पॉलिफायोडोंट’ असे दिलेले असतात. पहिला शब्द बरोबर: सगळे दात एकसारखे, सुळे-दाढा असा भेद नाही. तिसराही बरोबर: दात आयुष्यभर बदलत राहतात. मधल्या शब्दाशी मी सहमत नाही. ॲक्रोडोंट म्हणजे जबड्याच्या माथ्यावर, कडेच्या टोकावर बसलेला दात, सरड्यासारखा. तुमच्या हातातली कवटी उलटी करा आणि आतून बघा. जबड्याच्या हाडाची बाहेरची कड खाली उतरलेली दिसेल, आणि दातांचे देठ त्या कडेच्या आतल्या अंगाला, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या नळ्यांसारखे चिकटलेले असतील. याला प्लुरोडोंट म्हणतात. परीक्षेत काय लिहावं हा वेगळा प्रश्न, पण प्रात्यक्षिकात मुलांनी डोळ्यांनी दिसतं ते लिहावं.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: ‘मध्येमध्ये तर नळकांडंही नाही, नुसता खड्डा आहे, आणि ते एकाआड एक असल्यासारखं वाटतं.’ तुमच्या सबंध निरीक्षणातलं मला हे सर्वांत मोलाचं वाटलं.

बेडकाच्या हिरडीत जिभेच्या बाजूला उपकलेची, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींची एक सलग पट्टी आत उतरलेली असते, दंतपट्टिका. तिच्यातून सतत नवे अंकुर फुटत असतात. अंकुर आधी कळीसारखा, मग टोपीसारखा, मग घंटेसारखा होतो. घंटेच्या आतल्या पेशी एनॅमल घालतात, तिच्या पोटातल्या पेशी दंतिन घालतात. आधी शिखराचं टोक तयार होतं आणि दात टोकाकडून बुडाकडे वाढत जातो. देठ सर्वांत शेवटी. नवा दात वाढू लागला की जुन्या दाताच्या देठाला आतल्या बाजूने भोक पडायला लागतं. हे काम ओडोंटोक्लास्ट नावाच्या, अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी करतात. हाड झिजवणाऱ्या पेशींच्याच जातीच्या त्या. देठात कोनाडा तयार होतो, नवं शिखर त्या कोनाड्यातून जुन्या दाताच्या मज्जेच्या पोकळीत सरकतं, जुनं शिखर गळून पडतं, उरलेला देठ शोषला जातो आणि नवा दात त्याच जागी येऊन स्वतःचा देठ जबड्याला जोडतो.

आणि हे सगळ्या जागी एकाच वेळी होत नाही. साधारणपणे एका जागचा दात पक्का असतो तेव्हा त्याच्या शेजारचा पडायला आलेला किंवा घडत असलेला असतो. रांगेतल्या सम आणि विषम जागा पाळीपाळीने बदलतात, त्यामुळे जबड्याचा मोठा पट्टा एकदम बोडका होत नाही. जीलेट यांनी १९५५ मध्ये राना पिपिएन्सवर या अखंड दातबदलाचा तपशीलवार अभ्यास केला होता. तुमच्या कवटीतले ते एकाआड एक खड्डे म्हणजे तो बेडूक मेला त्या दिवशी कोणत्या जागी दात बदलत होते, याची नोंद आहे. पेन्सिलने जागांचे क्रमांक टाकून एक ओळ लिहून काढा: पक्का देठ, कोनाडा पडलेला देठ, रिकामा खड्डा. भिंगाखाली कोनाडे नक्की दिसतील, देठाच्या आतल्या बाजूला बुडाशी.

तुम्ही खालच्या जबड्याचं विचारलं नाहीत, पण विद्यार्थी विचारतीलच. तो बोडका असतो. आपल्या मोठ्या बेडकाच्या खालच्या जबड्याच्या टोकाशी दोन उंचवटे हाताला लागतात, आणि आग्नेय आशियातल्या लिम्नोनेक्टिस बेडकांत ते चांगले सुळ्यांसारखे वाढतात. पण ती निव्वळ हाडं आहेत, दंतिन नाही, एनॅमल नाही. तुमची ‘हाडाची टोकं’ ही शंका इथे अगदी बरोबर लागू पडते. अपवाद एकच माहीत आहे: इक्वेडोर आणि कोलंबियातला गॅस्ट्रोथेका ग्वेंथेरी. १८८२ मध्ये बुलेंजर यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला ॲम्फिग्नॅथोडॉन हे नाव दिलं होतं, म्हणजे दोन्ही जबड्यांवर दात असलेला. वंशवृक्षाच्या हिशेबाने बेडकांच्या पूर्वजांनी खालचे दात वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गमावले, आणि या एका बेडकात ते परत आले. गेलेला अवयव उत्क्रांतीत परत येत नाही या डोलो यांच्या नियमाला हे मोठं आव्हान ठरलं. मला यात नवल कमी वाटतं, कारण दात घडवायची सगळी सामग्री वरच्या जबड्यात चालूच होती.

उलट दिशेचा प्रवास मात्र वारंवार झाला. बेडकांच्या वेगवेगळ्या शाखांत दात पूर्णपणे नाहीसे होण्याची घटना वीसहून अधिक वेळा घडल्याचं २०२१ मध्ये कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून दाखवण्यात आलं. आपल्या अंगणात दिव्याखाली येणारा खरबरीत कातडीचा भेक पूर्ण बिनदाताचा असतो. मुंग्या-वाळवी असं बारीक खाणं आणि दात जाणं यांचा संबंध दिसतो. तुमच्या कपाटात भेकाची कवटी असेल तर तीही शेजारी ठेवा.

टाळूवरचे दात विसरू नका. अंतर्नासाद्वारांच्या, म्हणजे नाकाच्या टाळूत उघडणाऱ्या भोकांच्या मध्ये व्होमर या हाडांवर दातांचे दोन तिरपे पुंजके असतात. व्होमर म्हणजे लॅटिनमध्ये नांगराचा फाळ. हे दातही देठाचेच. बेडूक चावत नाही, चघळत नाही. जिभेने आत आणलेला किडा निसटू नये, एवढंच या सगळ्या दातांचं काम. गिळताना तो डोळे आत ओढतो आणि डोळ्यांचे गोळे टाळूवरून भक्ष्याला मागे ढकलतात. शिखरांची टोकं आत वळलेली का, हे यावरून उमगतं: किड्याला आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही.

टॅडपोलच्या तोंडातल्या काळ्या रांगांना दात म्हणायची पद्धत आहे. त्या केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखाच्या जातीच्या पदार्थाच्या असतात आणि रूपांतरणात गळून जातात. खरे दात त्या सुमारास हिरडीत नव्याने सुरू होतात. एकातून दुसरे बनत नाहीत.

आता डबीचं काय करायचं ते सांगते. कवटी पुन्हा घासू नका, ब्लीच तर अजिबात नको. जी चार-सहा शिखरं अजून जागेवर आहेत ती विरघळवलेल्या पातळ पॅरालॉइडचा, म्हणजे नमुने पक्के करायच्या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा एक थेंब बारीक ब्रशने सोडून पक्की करा. पुडीतली पाच-सात चांगली शिखरं निवडून पोकळीच्या स्लाइडमध्ये ग्लिसरीन जेलीत बसवा, काही उभी, काही आडवी. उरलेली पूड छोट्या कुपीत घालून त्याच डबीत ठेवा आणि चिठ्ठीवर ‘याच नमुन्याची दंतशिखरं’ असं लिहा, नाहीतर पुढच्या आवराआवरीत ती कचऱ्यात जाईल. फॉर्मलीनमध्ये ठेवलेलं जुनं पिल्लू असेल तर पोटॅशच्या सौम्य द्रावणात पारदर्शक करून ॲलिझरीन रेडने रंगवता येईल. त्यात हाडं आणि दात लाल होतात, आणि प्रत्येक दातावर शिखर आणि देठ यांच्या मध्ये एक बिनरंगी रेघ उरते. खनिज नसलेला तो पट्टा मुलांना दाखवायला याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

नव्या नमुन्यासाठी मात्र बेडूक पकडू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं, आणि या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तुमच्याकडे जी कवटी आहे ती तशी पुन्हा मिळणार नाही. रांगेतल्या जागांची ती ओळ लिहून काढलीत की इथे टाका. कोनाडे सम जागांवर जास्त आहेत की विषम, ते आपण मिळून बघू.